‘आमच्या घराण्याचेच गाल’

ऐरोलीहून एका आईचं पत्र आलं आहे. मोठं आहे, म्हणून मुख्य भाग तेवढा छापते आहे.

“माझा मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत आहे. चौथ्या वर्षापासून त्याचे गाल दोन्ही बाजूंनी फुगायला लागले. सुरुवातीला सगळे कौतुक करायचे, काय गोबरा आहे म्हणायचे. मग आमच्या डॉक्टरांनी गालगुंड म्हणून औषध दिलं. काही महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनीही गालगुंडच सांगितलं. जबड्याखाली गाठी लागतात म्हणून अँटिबायोटिकचा कोर्सही झाला. दुखत नाही, ताप नाही, पण गाल उतरतही नाहीत. गेल्या महिन्यात शाळेत दातांचं शिबिर झालं, तिथे ओपीजी (जबड्याचा एक्स-रे) काढायला सांगितला. तो बघून एका मोठ्या रुग्णालयात म्हणाले, जबड्यात दोन्हीकडे सिस्ट आहेत, ट्यूमर असू शकतो, लगेच बायप्सी करू आणि मेच्या सुट्टीत ऑपरेशन करून सगळं खरवडून काढू. तेव्हापासून मला झोप नाही. सासूबाई मात्र शांत. म्हणतात, ‘ह्याच्या बापाचेही असेच होते, मिसरूड फुटल्यावर उतरले. आमच्या घराण्याचेच गाल.’ माझी मावशी म्हणते, पाचव्या महिन्यात ग्रहण होतं आणि तू भाजी चिरलीस. हा कॅन्सर आहे का? बायप्सी करावी का? हा दोष कोणाकडून आला? आम्हाला दुसरं मूल हवं होतं, आता भीती वाटते. नणंदेला तीन वर्षांची मुलगी आहे, तिला सांगू का?”

मावशींचं आधी उरकून टाकू. ग्रहणाचा आणि जबड्याच्या हाडाचा काडीचा संबंध नाही. तुम्ही त्या दिवशी भाजी चिरली, कांदा चिरला, नाहीतर दिवसभर पाय पसरून झोपलात, मुलाचा जबडा आहे तसाच झाला असता. ह्यावर याहून जास्त शाई खर्च करायची नाही.

सासूबाईंचं मात्र नीट ऐकू या. तुमच्या पत्रात दोन डॉक्टर आहेत, एक मोठं रुग्णालय आहे, एक्स-रे आहे. पण निदानाच्या कामाचं सगळ्यांत मोलाचं वाक्य त्या माउलीने सहज बोलून टाकलं आहे, आणि तुम्ही ते बहुधा एकाही डॉक्टरला सांगितलेलं नाही. दोन्ही बाजूंना सारखी वाढ, दुखणं नाही, सुरुवात चौथ्या वर्षी, आणि वडिलांचेही लहानपणी तसेच गाल जे वयात आल्यावर उतरले. ह्या चार गोष्टी एकत्र आल्या की जबड्याच्या डॉक्टरच्या डोक्यात पहिलं नाव येतं ते ‘चेरुबिझम’चं. लहान मुलांच्या जबड्याच्या हाडांचा हा एक दुर्मीळ, आनुवंशिक आजार आहे. १९३३ साली जोन्स नावाच्या डॉक्टरांनी एकाच घरातल्या तीन भावंडांवरून त्याचं पहिलं वर्णन केलं. युरोपातल्या जुन्या चित्रांत गुबगुबीत गालांचे, वर आकाशाकडे बघणारे बालदेवदूत असतात, त्यांच्यावरून हे नाव पुढे पडलं. ह्या आजारात हाड खाणाऱ्या पेशी जबड्यात प्रमाणाबाहेर जोर करतात. त्या हाड पोखरतात, रिकाम्या जागी तंतुमय मऊ भाग भरतो, आणि जबडा बाहेरच्या बाजूला फुगतो. हा कॅन्सर नाही. शरीरात दुसरीकडे पसरत नाही. बुद्धीशी त्याचा संबंध नाही.

तुमच्या मुलाला तेच आहे असं मी म्हणत नाही. मुलाला मी तपासलेलं नाही आणि मोबाईलवर आलेल्या फोटोवरून निदान कोणीच करू नये. पण तुम्ही पाठवलेल्या ओपीजीच्या फोटोत जे दिसतं ते तुम्हाला दाखवते, म्हणजे पुढच्या वेळी डॉक्टर बोलतील ते कळेल.

ओपीजी म्हणजे एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचा जबडा उलगडून सपाट दाखवणारा एक्स-रे. फिल्म ट्यूबलाइटसमोर धरा. मधोमध पुढचे दात. तिथून दोन्हीकडे मागे मागे जात शेवटच्या दाढेपाशी या. तिथे खालचा जबडा वळून कानाकडे वर चढतो. त्या वळणावर आणि वर चढणाऱ्या भागात काळे काळे कप्पे दिसतील, त्यांच्यामध्ये पातळ पांढऱ्या भिंती. डॉक्टर ह्याला साबणाच्या फेसासारखं म्हणतात, आणि खरंच तसं दिसतं. आता उजवी बाजू झाकून डावी बघा, मग डावी झाकून उजवी. दोन्हीकडे जवळपास एकच चित्र आहे. कानापाशी, सांध्यात बसणारं अगदी टोकाचं हाड मात्र स्वच्छ आहे. आणि दात बघा. ह्या वयात दुसऱ्या पक्क्या दाढेचा कोंब हाडात दिसायला हवा. तुमच्या फोटोत तो एका बाजूला पुढे ढकलला गेलाय आणि दुसऱ्या बाजूला मला सापडतच नाही. हे सगळं चेरुबिझमशी जुळणारं आहे. जबड्यातले बहुतेक ट्यूमर आणि सिस्ट एका बाजूला असतात. दोन्ही बाजूंना असं मोजूनमापून काही उगवलं की विचाराची दिशाच बदलते.

मग दोन डॉक्टरांनी गालगुंड कसं म्हटलं? त्यांच्यावर फार रागावू नका. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, गालगुंडाची नाही. ती खाजगीत एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस घेतली तरच मिळते. त्यामुळे आपल्याकडे गालगुंड खूप दिसतो, आणि गाल सुजलेलं मूल समोर आलं की हात आपोआप त्याच औषधाकडे जातो. त्यात चेरुबिझममध्ये जबड्याखालच्या लसिकाग्रंथीही मोठ्या होतात, विशेषतः सहा वर्षांच्या आत. गाल सुजलेले आणि गाठी लागतायत म्हटल्यावर चकवा पूर्ण झाला. पण गालगुंडात ताप येतो, चघळताना आणि आंबट खाताना दुखतं, सूज कानाच्या पाळीच्या पुढे-खाली येते आणि पाळी वर उचलली जाते. हाताला ती मऊ लागते. आठवड्या-दहा दिवसांत ओसरते, आणि सहसा आयुष्यात एकदाच होते. लाळग्रंथी वारंवार सुजण्याचा एक प्रकार मुलांत असतो, पण तो येतो आणि जातो. दोन वर्षं जागचा न हललेला, न दुखणारा फुगवटा ह्यातल्या कशातच बसत नाही. आज रात्री मुलगा झोपला की जबड्याच्या कोपऱ्यावर, कानाच्या खाली, दोन्हीकडे एकदम बोटं ठेवून बघा. हाताला टणक हाड लागलं तर ती सूज गालाची नव्हे, जबड्याची.

आता कामाचं. तुम्हाला बायप्सी आणि ऑपरेशन ह्या दोनच पायऱ्या सांगितल्या गेल्यात. माझं म्हणणं इतकंच आहे की त्यांच्या आधी काही सोप्या, बिनचाकूच्या गोष्टी आहेत, आणि त्या त्यांच्या क्रमाने व्हायला हव्यात.

पहिली गोष्ट तुमच्याच कपाटात आहे, नवऱ्याच्या लहानपणचा अल्बम. बाळसं असताना सगळीच मुलं गुबगुबीत असतात, म्हणून बारशाचा आणि पहिल्या वाढदिवसाचा फोटो एकदा बघा आणि बाजूला ठेवा. चार-पाच वर्षांचा, मुंज झाली असेल तर मुंजीतला, सातवी-आठवीतला वर्गाचा फोटो, दहावीच्या हॉल तिकिटावरचा, आणि लग्नातला असे समोरून काढलेले फोटो ओळीने लावा. चेहरा कुठे सर्वांत रुंद आहे ते बघा. साध्या गुबगुबीत पोराचा चेहरा गालाच्या उंचवट्यापाशी रुंद असतो. ह्या आजारात तो खाली, जबड्याच्या कोपऱ्यापाशी रुंद होतो. मग डोळे. बुबुळाच्या खाली पांढरी पट्टी दिसते का? वरच्या जबड्यात आजार असला तर खालची पापणी ओढली जाते आणि डोळा किंचित वर उचललेला वाटतो. तुमच्या मुलाच्या फोटोत ती पट्टी मला पुसटशी दिसते, पण फ्लॅशच्या फोटोवर माझा भरवसा नाही, उजेडात खिडकीसमोर बसवून काढा. नवऱ्याच्या फोटोंत मुंजीच्या सुमारास चेहरा सर्वांत भरलेला आणि लग्नापर्यंत उतरलेला दिसला, तर सासूबाईंची साक्ष पक्की झाली.

सासूबाईंशी बोलताना गालांबद्दल विचारू नका, त्या तेच पुन्हा सांगतील. दातांबद्दल विचारा. दुधाचे दात लवकर पडले का, किती वर्षांचा असताना? पक्क्या दाढा कधी आल्या, की आल्याच नाहीत? कोणी दात काढले होते का? आणि सासरे, त्यांचे भाऊ, आत्या, ह्यांच्यात कोणाचे असे गाल होते? ‘घराण्याचे’ म्हणतायत तर घराण्यात आणखी कोण, तेही कळू दे.

दुसरी गोष्ट, नवऱ्याचा ओपीजी. हे तुम्हाला कोणी सुचवलं नसेल, आणि ह्या सगळ्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकी तपासणी हीच आहे. मोठेपणी गाल उतरले तरी जबड्यात खुणा राहू शकतात. मागच्या दाढा गायब, एखादा दात हाडात आडवा अडकलेला, जिथे कप्पे होते तिथे हाड जरा वेगळ्या पोताचं. अर्ध्या तासाचं काम आहे. अशा एका फिल्मचं रेडिएशन आपल्याला निसर्गातून दोन-चार दिवसांत मिळतं तेवढंच असतं.

तिसरी, रक्ततपासणी. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, पॅराथायरॉइड हार्मोन म्हणजे पीटीएच, त्याबरोबर व्हिटॅमिन डी आणि क्रिएटिनिन. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींनी प्रमाणाबाहेर काम केलं तरी हाडं पोखरतात, आणि जबड्यात अगदी अशाच गाठी होतात. तो आजार वेगळा आहे, त्याचा उपाय वेगळा आहे, आणि तो राहून गेला तर जबडा कितीही खरवडला तरी फायदा नाही. म्हणून ही तपासणी चाकूच्या आधी झालीच पाहिजे. चेरुबिझममध्ये कॅल्शियम आणि पीटीएच साधारणपणे नॉर्मल येतात. दोन ठिकाणी लोक उगाच घाबरतात, ते आधीच सांगून ठेवते. वाढत्या मुलांचं अल्कलाइन फॉस्फटेज मोठ्यांपेक्षा जास्तच असतं. लॅबने मोठ्यांची मर्यादा छापली असेल तर रिपोर्टवर ठळक खूण येते. आणि व्हिटॅमिन डी कमी असेल, जे आपल्या इमारतींत वाढणाऱ्या मुलांत नेहमीचंच आहे, तर पीटीएच त्यानेही चढतं. हे आकडे गूगलला विचारू नका, डॉक्टरला विचारा.

त्याचबरोबर बालरोगतज्ज्ञांकडून मुलाची उंची मोजून घ्या, हृदय ऐकून घ्या, अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग आहेत का ते दाखवा. नूनन सिंड्रोम नावाच्या एका आनुवंशिक आजारातही जबड्यात अशा गाठी होतात; त्यात मूल ठेंगणं असतं आणि बऱ्याचदा हृदयात दोष असतो. हाडांच्या फायब्रस डिस्प्लेसियात अंगावर डाग असू शकतात, पण तो बहुतेकदा एका बाजूला असतो आणि एक्स-रेत दुधी काचेसारखा दिसतो, कप्प्यांचा नाही. तुमच्या मुलात ह्यातलं काही असण्याची चिन्हं पत्रात नाहीत. तरी बघून फुली मारलेली बरी.

सीटी स्कॅन कधी? डोळ्याखालच्या हाडापर्यंत आजार गेलाय का हे ओपीजीत नीट कळत नाही, त्यासाठी एकदा सीटी किंवा कमी रेडिएशनचा सीबीसीटी लागेल. एकदा. दर तीन महिन्यांनी सीटी सांगणारा कोणी भेटला तर कारण विचारा.

आता बायप्सी. ह्याविषयी लोकांची समजूत अशी की तुकडा काढला की सोक्षमोक्ष लागतो. इथे तसं होत नाही. चेरुबिझमचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तंतुमय भागात मोठाल्या, अनेक केंद्रकांच्या पेशी दिसतात. जायंट सेल ग्रॅन्युलोमा नावाच्या जबड्याच्या दुसऱ्या एका गाठीत त्याच दिसतात. पॅराथायरॉइडच्या गाठीतही त्याच. पॅथॉलॉजिस्टकडे नुसती बाटली आणि ‘मुलगा, वय ६, जबडा’ एवढी चिठ्ठी गेली तर तो प्रामाणिकपणे ‘जायंट सेल लीजन’, म्हणजे मोठ्या पेशींची गाठ, एवढंच लिहील, आणि ते वाचून घरात पुन्हा रडारड. म्हणून बायप्सी केलीच तर तिच्यासोबत ओपीजी, रक्ताचे रिपोर्ट आणि वडिलांची हकिगत जायलाच हवी. चित्र अगदी नमुनेदार असेल, वडिलांचा इतिहास पक्का असेल आणि रक्त नॉर्मल असेल, तर अनेक जाणकार डॉक्टर बायप्सी करतच नाहीत. उलट एक बाजू झपाट्याने वाढली, दुखायला लागलं, ओठ बधिर झाला, किंवा दोन बाजूंच्या चित्रात मोठा फरक निघाला, तर बायप्सी लगेच करा, माझ्या ह्या लेखाची वाट बघू नका.

आणि त्या रुग्णालयातल्या सर्जनबद्दल. त्यांनी ‘ट्यूमर असू शकतो’ म्हटलं ते नुसत्या फिल्मवरून चुकीचं नाही. त्यांच्याकडे फिल्म होती, घराणं नव्हतं. परत जा, किंवा दुसऱ्याकडे जा, आणि सरळ म्हणा: “डॉक्टर, दोन्ही बाजूंना सारखं आहे आणि ह्याच्या वडिलांनाही लहानपणी असंच होतं, हे त्यांचे फोटो आणि ओपीजी. चेरुबिझम असू शकेल का?” चांगला सर्जन खुर्ची पुढे ओढेल. ‘तुम्ही नेटवर वाचून आलात’ म्हणणारा भेटला तर रिपोर्ट उचला आणि निघा.

दुसरं मत घ्यायला तुम्हाला लांब जावं लागणार नाही. नेरुळ, खारघर, कामोठे ह्या पट्ट्यात दंत महाविद्यालयं आहेत. ऐरोलीहून नेरुळला तर ट्रान्स-हार्बरने थेट जाता येतं. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी ‘ओरल मेडिसिन अँड रेडिओलॉजी’ विभागात आधी नाव घाला, थेट सर्जरीत नको. तिथे फिल्म वाचणारे, सर्जन, लहान मुलांचे दंतवैद्य आणि पॅथॉलॉजिस्ट एकाच इमारतीत असतात. दुर्मीळ आजाराला असं एकत्र बसणारं घर बरं पडतं. गर्दी असते, सकाळी लवकर जा, डबा न्या.

शेवटची तपासणी जनुकाची. चौथ्या गुणसूत्रावरच्या ‘एसएच३बीपी२’ ह्या जनुकातल्या बदलाने चेरुबिझम होतो, हे २००१ मध्ये कळलं. थोडंसं रक्त लागतं. चेरुबिझमच्या दर पाच रुग्णांपैकी साधारण चौघांत हा बदल सापडतो, आणि तो बहुतेक वेळा जनुकाच्या एका छोट्याशा भागातच असतो. म्हणजे सापडला तर निदानावर शिक्का. नाही सापडला तर निदान खोटं ठरत नाही. उपचारासाठी ही तपासणी अडून राहत नाही, पण दुसऱ्या मुलाचा प्रश्न तुम्ही विचारलाय, त्यासाठी ती उपयोगाची आहे. आधी जेनेटिक्सच्या डॉक्टरांशी बोला, मग रक्त द्या. परळचं केईएम हे २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली ठरवून दिलेलं मुंबईतलं केंद्र आहे, तिथून सुरुवात करता येईल.

समजा, निदान चेरुबिझमच ठरलं. मग मेची सुट्टी ऑपरेशनात घालवू नका. हा आजार सुरुवातीची काही वर्षं जोरात वाढतो, मग मंदावतो, वयात येताना थांबतो, आणि पुढे हाड हळूहळू भरून येऊन चेहरा सावरतो. तिशीपर्यंत बऱ्याच जणांना बघून काही ओळखूही येत नाही. वाढीच्या काळात खरवडलं तर पुन्हा भरू शकतं, आणि वाटेत पक्क्या दातांचे कोंब जातात. ऑपरेशन लागतं ते नजरेवर, श्वासावर, गिळण्यावर किंवा बोलण्यावर परिणाम व्हायला लागला तर. नुसतं रूप सुधारायचं असेल तर वयात आल्यानंतर. काही औषधं मोजक्या मुलांवर वापरून पाहिली गेली आहेत, पण ह्यावरचं ठरलेलं औषध म्हणावं असं एकही नाही. आणि कोणी ‘लाइट देऊ’ म्हणजे रेडिएशन सुचवलं तर ठाम नाही म्हणा. वाढत्या हाडाला ते धोक्याचं आहे, पुढे त्याच जागी खरा कॅन्सर होऊ शकतो.

थांबायचं म्हणजे विसरायचं नाही. ओपीजी साधारण वर्षाने. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वर्षातून एकदा, आणि एकाच गोष्टीची दोन चित्रं दिसतात किंवा धूसर दिसतं असं मुलगा म्हणाला तर लगेच. रात्री तोंड उघडं टाकून घोरत असेल, झोपेत श्वास अडकतो असं वाटत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ. आणि दात, दात, दात. आडवेतिडवे येणारे दात किडायला वेळ लागत नाही, आणि किडलेल्या दाताचा जंतुसंसर्ग ह्या जबड्यात शिरू नये म्हणून दर सहा महिन्यांनी दंतवैद्य ठरलेला. वाकडे दात सरळ करण्याच्या तारा मात्र आत्ता नकोत. आजार थांबला की बघू.

शाळेचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण पहिलीतल्या पोरांना मी ओळखते. ‘फुग्या’ म्हणून झालं असेल. बाईंना भेटून एकाच वाक्यात सांगा की त्याच्या जबड्याचं हाड जरा जास्त वाढलंय, दुखत नाही, कोणाला होणारं नाही, मोठेपणी कमी होतं. मुलालाही हेच वाक्य पाठ असू दे. त्याच्याकडे उत्तर असलं की पोरं कंटाळून दुसरा विषय शोधतात. आणि त्याच्यासमोर फोनवर ‘ट्यूमर’ शब्द बोलणं आजपासून बंद, घरातल्या सगळ्यांचं.

दोष कोणाचा? जनुकातल्या अशा बदलाला कोणाचा हात लागत नाही. काही मुलांत तो नव्यानेच होतो, आईवडील दोघांतही नसतो. तुमच्या घरात तो नवऱ्याकडून आलेला असावा असं हकिगतीवरून वाटतं, आणि ते ठरलं तर दोन गोष्टी होतील. मावशी गप्प बसतील, ते चांगलं. नवरा मनात खंत धरेल, त्याच्याकडे लक्ष द्या. त्यालाही हा बदल कोणीतरी न विचारताच दिला आहे, आणि तो आज चांगला धडधाकट आहे. मुलाला दाखवायला ह्याहून चांगलं उदाहरण डॉक्टरही देऊ शकणार नाही.

दुसऱ्या मुलाचं गणित असं. नवऱ्यात बदल असेल तर दर गरोदरपणात तो मुलात उतरण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. एकाला झाला म्हणून पुढचं सुटलं असं नाही, आणि एकाला झाला म्हणून पुढच्यालाही होणारच असंही नाही. उतरला तरी किती दिसेल हे सांगता येत नाही; बापात कमी आणि मुलात जास्त, किंवा उलट, दोन्ही होतं. नवऱ्यातला नेमका बदल आधी सापडलेला असेल तर गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते, पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या केंद्रातच. करायची की नाही हा तुम्हा दोघांचा निर्णय. माझं मत विचाराल तर, जो आजार सहसा जिवावर बेतत नाही आणि वयाबरोबर ओसरतो त्याच्या भीतीने दुसरं मूल होऊ न देणं मला पटत नाही. पण रात्री जागायचं तुम्हाला आहे, मला नाही.

आता नणंद. तिला सांगायलाच हवं, पण ते नवऱ्याला सांगू दे; भावाने बहिणीला सांगितलेलं आणि वहिनीने सांगितलेलं ह्यात फरक पडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. निदान पक्कं होईपर्यंत थांबा, आणि आधी फोन, मग रिपोर्ट. उलट क्रमाने व्हॉट्सअॅपवर गेलं तर पहिला तासभर ती ‘ट्यूमर’ शोधत बसेल. बायकांमध्ये कधी कधी हा बदल असूनही चेहऱ्यावर काही दिसत नाही, त्यामुळे ‘मला कुठे होते असे गाल’ म्हणून तिने विषय सोडून देऊ नये. नवऱ्यातला बदल सापडला असेल तर नणंदेने फक्त तेवढाच तपासून घ्यावा. तिच्यात नसेल तर तिच्या मुलीचा प्रश्नच मिटला. तोपर्यंत भाचीला एक्स-रेची गरज नाही. दात दाखवायला नेतील तेव्हा जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांना हात लावून बघा एवढं डॉक्टरांना सांगायचं, आणि हे वर्षातून एकदा, ती सात-आठ वर्षांची होईपर्यंत.